खिडकी आली, खलाशी आला नाही

संशोधनाचा विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांना एक भीती कायम असते: विषय फार छोटा तर नाही ना? 'कोकणचा सागरी व्यापार' म्हटलं की समिती समाधानाने मान डोलावते. 'छोट्या बोटीवरच्या सरकत्या खिडकीची देखभाल' म्हटलं की कुणीतरी हसतंच. आज मुद्दाम हाच हसण्यासारखा विषय घेतो. लहान वस्तूला मोठा प्रश्न कसा विचारायचा, हे अशा विषयावर जास्त स्पष्ट दिसतं. आणि हा विषय दिसतो तितका निरुपद्रवी नाही, तेही पुढे येईलच.

जागा तारकर्ली. मालवणहून दक्षिणेला देवबागकडे जाताना जमिनीची पट्टी निमुळती होत जाते. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी, आणि मधे वाळू, माड, घरं. देवबागच्या टोकाला नदी समुद्राला मिळते. म्हणजे इथल्या बोटीला दोन्ही बाजूंनी खारं वारं आणि खाली-वर बारीक वाळू. पर्यटकांना जे हवं असतं नेमकं तेच सगळं सरकत्या खिडकीला नको असतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तपासता येईल. या किनाऱ्यावरच्या छोट्या बोटींना पूर्वी खिडकी नव्हती, आडोसा होता. आणि आडोसा काढता-घालता येत असे. खिडकी होती ती आगबोटीला, पुढे एसटीला. तिथे तिच्यामागे खलाशी किंवा फिटर अशी पगारी माणसं उभी होती. छोट्या बोटीवर सरकती खिडकी आली तेव्हा फक्त वस्तू आली. तिच्यामागचं माणूस आलं नाही.

आता जरा मागे जाऊ.

मालवण किनाऱ्यावरची होडी, पगार, रापणीची मोठी होडी ही सगळी उघडी नावं. रापणीच्या होडीच्या फळ्या काथ्याने शिवत असत. खिळा न वापरता शिवलेली होडी वाळूवर आपटली तरी थोडी लवते, फुटत नाही. अशा होडीची देखभाल म्हणजे वर्षाचं एक ठरलेलं काम. पावसाळ्याच्या तोंडावर होडी किनाऱ्यावर ओढायची, वाळवायची, सैल झालेली शिवण बदलायची, फटी बुजवायच्या, माशाचं तेल द्यायचं, आणि माडाच्या झापांखाली झाकून ठेवायची. नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा पाण्यात. आता तारखा सरकारी आहेत, मासेमारीबंदी १ जूनपासून दोन महिने. पण त्या मागचं वेळापत्रक जुनंच आहे. या कामाची दोन वैशिष्ट्यं लक्षात ठेवा. ते हंगामी होतं, आणि ते सगळ्यांसमोर उघड्यावर होत असे. कुणाच्या होडीला तेल लागलं नाही हे अख्ख्या वाडीला दिसायचं.

माणसं वाहून नेणाऱ्या पडावांवर, मचव्यांवर आणि नंतरच्या लाँचवर पाऊस-उन्हापासून आडोसा लागायचा. तो कापडाचा किंवा ताडपत्रीचा. गुंडाळून वर बांधायचा, झड आली की सोडायचा. फाटला तर टाका घालायचा, फारच फाटला तर नवा आणायचा. हे सांगताना डोळे पाणावून घेण्याचं कारण नाही. गळक्या ताडपत्रीखाली लेकरू मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला तो आडोसा अजिबात रम्य वाटत नसणार, आणि माशाच्या तेलाचा वास घेतलेल्या कुणालाही जुनं ते सोनं असं म्हणवणार नाही. मुद्दा एवढाच की आडोशाला चौकट नव्हती. जे अडकणार असा भागच नव्हता.

(घरांचा प्रवास वेगळा आहे. गोव्यातल्या जुन्या घरांत काचेच्या जागी पातळ, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे तुकडे लाकडी चौकटीत बसवत. उजेड येतो, डोळा आत येत नाही, शिंपला खाऱ्या हवेला कंटाळत नाही. गोव्यातल्या घरांवर काम करणाऱ्या कुणीतरी त्यांच्या देखभालीवर लिहायला हवं. होडीपुरतं बोलायचं तर हे सगळं फार नाजूक.)

या किनाऱ्याला बोटीवरची खरी काच दिसली ती आगबोटीमुळे. मुंबईहून दक्षिणेकडे जाणाऱ्या आगबोटी रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशा बंदरांना लागत. मालवणात आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारू पडावातून ये-जा करायचे. म्हणजे एकाच प्रवासात माणूस बिनखिडकीच्या नावेतून खिडकीच्या बोटीत चढायचा. आगबोटीची ती गोल खिडकी पितळी कड्याची, जाड काचेची, आतून फिरकीचे स्क्रू आवळून बंद करायची. गोल अशासाठी की चौकोनी भोकाच्या कोपऱ्यांवर ताण साठतो आणि तिथून पत्रा तडकायला सुरुवात होते. पितळ खाऱ्या हवेत काळं-हिरवं पडतं, म्हणून ते रोज घासावं लागतं. आणि रोज घासायला बोटीवर खलाशी होता.

खलाशाकडे थोडा वेळ थांबायला हवं. कोकणातल्या, विशेषतः रत्नागिरीकडच्या, कितीतरी मुस्लिम आणि हिंदू कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या माणसं जहाजावर पाठवली. इंग्रजीत 'लास्कर' म्हणतात ते यांनाच. शब्दाचं मूळ फारसी 'लष्कर'. गोपालन बालचंद्रन यांचं २०१२ सालचं 'ग्लोबलायझिंग लेबर?' हे भारतीय खलाशांवरचं पुस्तक ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचावं. खलाशांवर पुस्तक लिहिता येतं, कारण त्यांची कागदपत्रं तयार होत होती: करारनामे, पगार, तक्रारी, संप. जहाज-कंपनीला देखभालीचे पैसे मोजावे लागत, म्हणून देखभाल कागदावर उतरली. छोट्या नावेची देखभाल घरच्या माणसांनी केली, तिचे पैसे कुणी कुणाला दिले नाहीत, म्हणून ती कागदावर फारशी उतरलीच नाही. दप्तरखान्यात बसून 'या विषयावर काही सापडत नाही' असं वाटायला लागलं, की आधी हा प्रश्न विचारायचा: या कामाचे पैसे कोण कुणाला देत होतं?

मग सरकती खिडकी आली कुठून? समुद्रातून नाही, रस्त्याने. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या माणसाच्या हाताला सरकती काच ओळखीची झाली ती मुख्यतः एसटीत. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर ही पहिली एसटी धावली. पुढच्या काही दशकांत लाल डब्याची सरकती काच हा सार्वजनिक अनुभव झाला: खडखडणारी, अर्ध्यावर अडकणारी, शेजाऱ्याला 'जरा जोर लावा' म्हणायला लावणारी. एसटीची काच अडायची, पण एसटीला डेपो होता, डेपोत फिटर होता आणि वर दापोडीसारखी मध्यवर्ती कार्यशाळा होती. खिडकीवर हसणारे आपण त्या यंत्रणेला विसरतो.

दुसरा रस्ता फ्लॅटचा. विजेच्या साहाय्याने अल्युमिनिअम वेगळं करण्याची पद्धत १८८६ सालची, फ्रान्स आणि अमेरिकेत दोघांनी स्वतंत्रपणे शोधलेली. भारतात हिंदाल्कोचा रेणुकूटचा कारखाना १९६२ साली सुरू झाला. साच्यातून ढकलून काढलेल्या अल्युमिनिअमच्या लांब पट्ट्या स्वस्त झाल्यावर शहरांतल्या इमारतींमधून लाकडी झडपा गेल्या आणि टू-ट्रॅक, थ्री-ट्रॅक खिडक्या आल्या. तालुक्याच्या गावीही अल्युमिनिअमचं काम करणारं एखादं दुकान निघालं. हा फॅब्रिकेटर आपल्या गोष्टीतला महत्त्वाचा माणूस आहे. तो माप घेतो, पट्टी कापतो, रबर घालतो, सिलिकॉन मारतो, बिल देतो आणि जातो.

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. १९९७ साली तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. तारकर्लीचं नाव पर्यटनाच्या नकाशावर आलं आणि कर्लीच्या खाडीत केरळच्या धर्तीवर हाउसबोटी आल्या. केरळातलं मूळ 'केट्टुवळ्ळम' हे भात वाहणारं, काथ्याने शिवलेलं लाकडी जहाज; म्हणजे आपल्या रापणीच्या होडीचं नात्यातलंच. त्याच्या छपराला चटईच्या झडपा असत, वर उचलून काठीने टेकवायच्या. पण राहायची खोली म्हटलं की डास, पाऊस, पंखा, आणि वातानुकूलन असेल तर हवाबंद चौकट लागते. बाहेर उघडणारं दार-झडप अरुंद बोटीवर धोक्याचं; बाजूने चालणाऱ्याच्या डोक्याला लागतं, वाऱ्याने आपटतं. सरकती खिडकी जागा खात नाही. म्हणून ती आली. निर्णय पूर्णपणे समंजस होता, हे नीट नोंदवा. इतिहास लिहिताना 'मूर्खपणाने चुकीची वस्तू आणली' हे स्पष्टीकरण जवळजवळ नेहमीच आळशी असतं.

आता खिडकीच्या तळाशी जाऊ. शब्दशः. कारण सगळी गोष्ट खालच्या खोबणीत घडते.

घरातल्या सरकत्या खिडकीची खालची पट्टी म्हणजे दोन नळ्या शेजारी ठेवल्यासारखी खोबण. पाणी आत येणारच हे गृहीत धरून तिला बाहेरच्या अंगाला बारीक भोकं ठेवलेली असतात, साधारण पाच-सहा मिलिमीटरची. कडेला लोकरीसारखी केसाळ पट्टी असते, वारा आणि धूळ अडवायला. घराच्या भिंतीत हे छान चालतं. तारकर्लीत मात्र केसाळ पट्टी धुळीऐवजी वाळू धरते. वाळू म्हणजे मुख्यतः गारगोटी, कठीणपणात सातच्या आसपास. काच साडेपाच-सहा, अॅक्रिलिक आणि अल्युमिनिअम तीनच्या जवळ. खिडकी सरकवली की दर वेळी कानस फिरते. अल्युमिनिअमवर कारखान्यात दिलेला कठीण थर असतो. घरगुती कामात तो दहा-पंधरा मायक्रॉनचा, आणि किनाऱ्यासाठी पंचवीसचा असावा अशी शिफारस असते. थर घासला गेला की खालचा धातू उघडा पडतो.

तिथे मीठ वाट बघत असतंच. समुद्री मीठ हवेतली आर्द्रता ओढून घेतं. शुद्ध मीठ साधारण पंचाहत्तर टक्के आर्द्रतेला विरघळायला लागतं, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशिअमचे क्षार असल्याने ते त्याच्याही आधी ओलं होतं. त्या ओल्या मिठात अल्युमिनिअमला बारीक खड्डे पडतात आणि पांढरी पूड तयार होते. ही पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. म्हणजे खिडकी नुसती झिजत नाही, ती आतून दाटत जाते. त्यात फॅब्रिकेटरने 'गंजू नये म्हणून' स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावले असतील तर दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी, असं छोटं विजेचं घटच तयार होतं. त्यात स्टील सुरक्षित राहतं आणि अल्युमिनिअम जातं. स्क्रू चकचकीत, भोवतीचं भोक मोठं झालेलं, असं दिसलं की समजायचं. मधे नायलॉनचा वॉशर घातला की हे बरंच टळतं.

यात इतिहासाच्या दृष्टीने सगळ्यात रंजक गोष्ट पावसाळ्याची आहे. पावसाळ्यात बोट बंद करून झाकून ठेवायची, ही होडीच्या काळची शहाणी रीत. लाकडाला ती मानवते. पण झाकलेल्या बोटीच्या खिडकीवर पाऊस पडत नाही, म्हणजे उन्हाळाभर साठलेलं मीठ धुतलं जात नाही. आणि हवा तर महिनोन् महिने दमट. म्हणजे वापर शून्य असताना खिडकी सगळ्यात वेगाने बिघडते. सप्टेंबरात हंगाम सुरू करताना ती हलत नाही, आणि 'उभी राहून खराब झाली' असं लोक म्हणतात तेव्हा ते अक्षरशः खरं असतं. झाकण्याआधी खोबण गोड्या पाण्याने धुऊन, सुकवून, भोकं काडीने मोकळी केली तर हे पुष्कळ कमी होतं. काम अर्ध्या तासाचं. पण जुन्या वेळापत्रकात हे काम नव्हतं, कारण जुन्या बोटीला ही खोबण नव्हती.

काचेऐवजी अॅक्रिलिक असेल तर आणखी एक गंमत. बोट सांभाळणारा सांगतो, 'सकाळी चालते, दुपारी अडते.' ऐकणाऱ्याला वाटतं, नाव जुनी झाली की अशा गोष्टी सांगतातच. हिशोब करून बघा. एक मीटर अॅक्रिलिक तीस अंश तापलं की सुमारे दोन मिलिमीटर वाढतं. तेवढंच अल्युमिनिअम पाऊण मिलिमीटरही वाढत नाही. थंड वेळी चपखल बसवलेला पत्रा दुपारच्या उन्हात चौकटीत रुतणारच. बसवताना दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा ठेवावी लागते, आणि ती काचेच्या सवयीचा कारागीर ठेवत नाही. काच तर जेमतेम पाव मिलिमीटर वाढते. मुलाखतीत ऐकलेलं वाक्य 'लोकसमजूत' या डब्यात टाकण्याआधी मोजपट्टी काढा, हे मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगेन. आणि अॅक्रिलिक स्पिरिटने किंवा अमोनियाच्या काच-पुसण्याने पुसू नका, बारीक भेगा पडतात. साधं साबणाचं पाणी बास.

उपाय म्हणून लोक काय करतात? तेल घालतात. या भूमीत अडलेल्या प्रत्येक गोष्टीला खोबरेल हे उत्तर आहे. दोन दिवस खिडकी लोण्यासारखी सरकते. मग तेल वाळू धरतं, चिकट होतं, आणि वाळूचा लेप तयार होतो. मेणबत्ती कोरड्या खोबणीवर घासली तर ते जास्त टिकतं, कारण मेण कोरडं राहतं. दुसरा उपाय सिलिकॉन. खिडकीतून पाणी आत आलं की फॅब्रिकेटरला फोन, तो येतो आणि बाहेरून दिसेल ती फट सिलिकॉनने बंद करतो. त्या 'फटीं'त पाणी बाहेर जायची भोकंही असतात. भोकं बुजली की पाणी खोबणीत साठतं आणि बोट डोलली की आत सांडतं. मग आणखी सिलिकॉन.

आणि इथे आपल्याला दस्तऐवज मिळतो. सिलिकॉनचे थर. खाली पिवळट, चिवट झालेला जुना थर, त्यावर पांढरा, त्यावर पारदर्शक. मधल्या थरात अडकलेली वाळू. एका स्क्रूची टोपी वेगळी, एका बाजूची लोकरी पट्टी नवी आणि दुसरीकडची मूळची. बोट सांभाळणारा जे तारखेनिशी सांगू शकत नाही, ते खिडकी क्रमाने सांगते: आधी काय झालं, मग काय, कोणती दुरुस्ती घाईत, कोणती निवांतपणे. पुरातत्त्ववाला मातीच्या थरांकडे बघतो तसं बघायचं. थर खरवडण्याआधी मालकाची परवानगी घ्या आणि फोटो काढा, हे सांगायला नकोच, तरी सांगतो.

सिद्धांताची बाजू थोडक्यात. डेव्हिड एजर्टन यांचं 'द शॉक ऑफ द ओल्ड' हे पुस्तक तंत्रज्ञानाचा इतिहास शोधाच्या तारखेवरून न लिहिता वापरावरून लिहा, असं म्हणतं. देखभाल हा त्यातला कळीचा भाग. अँड्र्यू रसेल आणि ली विन्सेल यांनी २०१६ पासून 'मेंटेनर्स' या नावाने हाच आग्रह पुढे नेला. ज्युलियन ऑर यांचं १९९६ सालचं झेरॉक्स यंत्रांच्या दुरुस्ती-कामगारांवरचं पुस्तक तर मुलाखती घेणाऱ्याने वाचावंच. दुरुस्तीचं ज्ञान पुस्तिकेत नसून कामगार एकमेकांना जे किस्से सांगतात त्यांत असतं, असं ते दाखवतं. मात्र ही सगळी पुस्तकं कारखाने, कचेऱ्या, पगारी तंत्रज्ञ यांच्या जगातली. आपल्याकडे प्रश्न उलटा आहे. इथे देखभाल करणारा कोण, हेच ठरलेलं नाही.

म्हणून मुलाखतीत 'तुमच्या बोटीचा इतिहास सांगा' असं विचारू नका. त्यावर छत्रपती शिवाजी महाराजांच्या आरमारापासून सुरुवात होते, चहा येतो, आणि तास संपतो. 'मेच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही काय काय करता?' असं विचारा. 'शेवटची अडली तेव्हा कुणी सोडवली?' विचारा. मग एक गोष्ट कळायला लागते: काचेचं वरचं अंग रोज पुसलं जातं, कारण ते पाहुण्याला दिसतं, ते 'सफाई' या खात्यात येतं, चादरी बदलणाऱ्या बाईकडे किंवा चहा देणाऱ्या पोराकडे. चौकट बदलणं हे 'दुरुस्ती' या खात्यात, मालक आणि फॅब्रिकेटरकडे. खालची खोबण या दोन्हींच्या मधे. ती साफ करणं हे सफाईवाल्याचं काम नाही आणि दुरुस्तीवाल्याला त्यासाठी कुणी बोलावत नाही. इंजिनाला माणूस आहे, तळाला रंग द्यायला माणूस आहे. आगबोटीवर हे मधलं काम खलाशाचं होतं, एसटीत डेपोचं.

जुन्या छापील साधनांचं काय? मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड, 'रत्नागिरी आणि सावंतवाडी', १८८०. जेम्स हॉर्नेल यांचा भारतीय नावांच्या बांधणीवरचा १९२० सालचा प्रबंध. दोन्ही वाचा. पण ही माणसं बांधणी आणि प्रकार यांच्या शोधात होती, हे लक्षात ठेवून वाचा. नाव कशी बांधतात हे विचारणाऱ्याला ती पंधराव्या वर्षीही कशी तरंगते, हे सहसा कुणी आपणहून सांगत नाही.

आता तो निरुपद्रवी नसलेला भाग. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंगहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. ७ मे २०२३ रोजी केरळात तानूरला पर्यटकांची बोट उलटून २२ जण गेले. ती मासेमारीच्या बोटीची केलेली पर्यटक-बोट होती, आणि क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं तिच्यात होती. अशा अपघातांनंतर चर्चा जादा माणसांची, परवान्याची, लाइफ जॅकेटची होते, आणि तीच व्हायला हवी. यांतल्या कुठल्याही घटनेचं खापर मी खिडकीवर फोडत नाहीये. पण बंद खोलीची बोट कलंडली, तर दाराशिवाय बाहेर पडायची जागा कोणती? खिडकीच. आणि दोन पल्ल्यांची सरकती खिडकी कितीही चांगली चालली तरी अर्धीच उघडते. चार फुटांच्या खिडकीला दोन फूट. मधे आडवी नक्षीदार जाळी असेल तर तेवढंही नाही. खोबणीत वाळू आणि पांढरी पूड असेल तर शून्य. गुंडाळलेली ताडपत्री, तिचे बाकीचे सगळे दोष मान्य करून, एका हिसक्यात पूर्ण मोकळी होत असे.

१९१७ चा जुना अंतर्देशीय जहाजांचा कायदा जाऊन २०२१ साली नवा आला. नोंदणी आणि तपासणीचे दाखले त्यात आहेत. तपासणीत तळ, इंजिन, जीवरक्षक साधनं यांच्याकडे लक्ष जाणार हे उघड आहे. खिडकीचा मामला निसरडा आहे, कारण एकच वस्तू तीन प्रकारे मोजता येते: पाणी आत येण्याची जागा म्हणून, हवा-उजेड म्हणून, किंवा माणूस बाहेर पडण्याची वाट म्हणून. पहिल्या दृष्टीने ती जितकी घट्ट बंद तितकी चांगली. तिसऱ्या दृष्टीने नेमकं उलटं. सिलिकॉनचा थर पहिल्या दृष्टीची दुरुस्ती आहे.

यावर कुणाला काम करायचं असेल तर माझ्या मते सुरुवात दोन मोजमापांनी करावी, आणि तीही एकाच बोटीवर वर्षातून दोनदा, मेच्या अखेरीस आणि सप्टेंबरात. खिडकी जास्तीत जास्त किती इंच उघडते, आणि ती उघडायला किती जोर लागतो. जोर मोजायला मासे तोलायचा साधा स्प्रिंगचा काटा पुरतो. मालवणच्या बाजारात तो कुणीही देईल, फक्त त्याने खिडकी का ओढायची आहे हे सांगायला थोडा वेळ जाईल.